सीतादहीचा पाहुणा

दसरा सरला की आदिलाबादकडे येणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या होतात. फुलांनी नाही. कापसानं खच्चून भरलेल्या गाड्या जाताना दोन्ही अंगांनी फांद्यांना घासतात आणि प्रत्येक काटा आपल्यापुरता थोडा कापूस ठेवून घेतो. दुरून पाहिलं तर छान दिसतं. आमच्या शाळेत नव्यानं बदलून आलेल्या मॅडम बसच्या खिडकीतून त्याचे फोटो काढतात. मी खिडकीची जागा त्यांना देते आणि समोर पाहत बसते.

हा हंगाम आला की माझं मन खिन्न होतं. तसं त्यात वाईट काही नाही. जैनथच्या बाजूला पहाटेचं धुकं पैनगंगेकडून वर चढतं, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानांवर दव असतं, ते उन्हानं वाळेपर्यंत बाया धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसून पोरीबाळींच्या गोष्टी करतात. मग कमरेला फडक्याची ओटी बांधून वावरात उतरतात. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना ओरबाडतात. संध्याकाळी भाकरी मोडताना चटणी त्या ओरखड्यांत शिरते आणि हात झणझणतो. घरात पुढच्या खोलीत कापसाचा ढीग असायचा, त्यावर मी अभ्यास करता करता झोपायची. कापसाला ऊब असते, आणि किंचित तेलकट असा वास, आत सरकी असल्याचा. तो वास आजही शाळेच्या खिडकीतून येतो. मी फळ्यावर लिहीत असते, आणि मध्येच थांबते.

यंदा तो वास मला सिनेमाच्या टॉकीजमध्ये आला.

बाबांचे डोळे दाखवायचे होते, म्हणून माय आणि बाबा गावाहून माझ्याकडे आले होते. डॉक्टरांनी दुपारनंतर बोलावलेलं. मधल्या वेळात करायचं काय, म्हणून मी त्यांना सिनेमाला नेलं. तेलुगू सिनेमा होता. पोस्टरवर गाड्या होत्या आणि काळे चष्मे घातलेली माणसं. मला वाटलं, मारामारी असेल, बाबांना गंमत वाटेल. थंड हवेत दोघं बसतील तरी.

सिनेमा ठगांचा निघाला. चार जणांची टोळी, त्यात एक बाई. मोठ्या सराफाची तिजोरी फोडायची म्हणून ते सराफाच्या दुकानामागच्या घरात लग्नाचं वऱ्हाड म्हणून उतरतात. ते घर एका म्हाताऱ्याचं. म्हातारा त्यांना जागा देतो, जेवू घालतो, खोट्या नवरीला आशीर्वाद देतो. इकडे वरच्या मजल्यावर तो सनई लावून बसलेला आणि खाली भिंत फोडायचं काम चाललेलं. अख्खी टॉकीज हसत होती. म्हातारा खोट्या नवरीला वाटी भरून खीर नेऊन देतो, तेव्हा तर मागच्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. "बुड्ढे का तो काम हो गया," एकजण म्हणाला.

बाबा माझ्या डाव्या हाताला होते. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा दिसत होता. हसू नव्हतं, रागही नव्हता. शाळेत पहिल्या दिवशी बसलेल्या मुलासारखे ते मांडीवर हात ठेवून लक्ष देऊन पाहत होते. माय म्हणाली, "चला बाहेर, मले घेरी येऊन राह्यली." बाबा म्हणाले, "बस. पाहू दे."

तेव्हा तो सरकीचा वास आला. टॉकीजमध्ये कुठून येणार? पण आला.

*

आमच्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही करतात. वावराच्या एका कोपऱ्यात सात खडे धुऊन मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, पहिल्या बोंडातला कापूस वस्त्र म्हणून वाहायचा आणि दहीभात शिंपडायचा. मग तिथंच सगळ्यांनी पळसाच्या पानावर दहीभात खायचा. इतपत सगळ्याच घरी होतं. आमच्या घरी आणखी एक रीत होती. एक पान जास्तीचं मांडायचं, आणि त्या वेळेला रस्त्यानं जो पहिला जाईल त्याला हाक मारून त्यावर बसवायचं. कोण, कुठला, विचारायचं नाही. बाबांच्या आजोबांपासून चालत आलेलं. एका वर्षी मेंढपाळ जेवला होता, एका वर्षी पोस्टमन, एका वर्षी सासरी भांडून माहेरी निघालेली एक बाई. जेवून ती परत सासरी गेली, असं माय सांगायची.

मी सातवीत होते त्या वर्षी रस्त्यानं पांढरी जीप आली.

हे मला परत परत आठवतं. ते आमच्याकडे आले नव्हते. ते जात होते. बाबांनी धुऱ्यावर उभं राहून हात केला, टोपी हलवली. जीप पुढे गेली, थांबली आणि मागे आली.

तिघं होते. कॅप घातलेला एक साहेब, गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक अबोल माणूस आणि एक बाई. केस पोरांसारखे कापलेले, पायात बूट. नागपूरकडचे म्हणून सांगितलं. कापसावर फिल्म काढतोय म्हणाले. बाईनं बूट काढून बाजूला ठेवले, मांडी घातली आणि दहीभात दोनदा मागून घेतला. "मावशी, मोहरीची फोडणी कशी दिली?" असं विचारलं. माय लाजली. "काय वो बाई, दह्याभाताचं काय शिकाचं असते?" म्हणाली, पण नंतर आठवडाभर तेच सांगत होती, की शहरातली बाई दोनदा भात मागून घेते.

ते आठ दिवस येत राहिले. सकाळी येत, दिवसभर वावरात फिरत, संध्याकाळी जीप घेऊन जैनथकडे जात. खरंच शूटिंग करत. कॅमेऱ्याच्या बाजूला एक लहानसं झाकण उघडायचं, त्यात चित्र दिसायचं. दुपारी बाया त्या झाकणाभोवती गोळा व्हायच्या. शेजारची पार्बताकाकू, बाबांच्या चुलतभावाची विधवा, तिनं स्वतःला हलताना पहिल्यांदाच पाहिलं.  मग म्हणाली, "मी एवढी वाकली काय वं?" सगळ्या हसल्या. तीही हसली, पण दुसऱ्या दिवशी ताठ चालायचा प्रयत्न करत होती.

त्या बाईला आम्ही ताई म्हणायचो. तिनं आठ दिवसांत आमची भाषा उचलली. "काऊन गं, शाळेत नाही गेली आज?" असं मला विचारायची. माझी वही पाहिली. गणिताच्या बाईंनी लाल शाईत मारलेली बरोबरची खूण पाहिली. आणि संध्याकाळी जीपमध्ये चढता चढता बाबांना म्हणाली, "काका, हिला शिकवा. दहावीला थांबवू नका. पोरगी हुशार आहे."

आमच्या घरात तोवर हे कुणी म्हटलं नव्हतं. गुरुजी मारत नसत एवढंच. घरी येताना बाबांनी माझं दप्तर स्वतः उचललं.

*

बाबांबद्दल सांगायचं राहिलं. ते फार शिकलेले नाहीत. वांगी, मिरची, थोडा कापूस. पण गावात कुणाची बैलजोडी घ्यायची असो, सोयरीक जुळवायची असो, दोन भावांत धुऱ्याचं भांडण असो, लोक म्हणायचे, "नामदेवले विचार." ते पुढारी नव्हते. दोघांच्या मध्ये बसायचे, दोघांचं ऐकायचे, आणि शेवटी एक वाक्य बोलायचे. ते वाक्य झालं की उठायचं. लग्नात दोन्हीकडचे लोक त्यांना आपल्या बाजूला ओढायचे. माय टोमणे मारायची, "घरची मिरची सडून राह्यली, अन् हे लोकाइचे धुरे सरळ करून राह्यले." पण ते घरी नसताना कुणी विचारायला आलं की तिचा आवाज बदलायचा. "येतीन आता, बसा," म्हणायची, जरा ऐटीतच.

म्हणून त्या दिवशी बायांनी बाबांकडे पाहिलं.

साहेब म्हणाला, आता शेवटचं दृश्य घ्यायचं. तुमच्याकडे जुन्या वळणाचे दागिने आहेत, सऱ्या आहेत, पाटल्या आहेत, असं कुठं उरलंय? नव्या टोपल्यात पांढराशुभ्र कापूस भरू, त्यावर ते ठेवू, आणि मागे तुम्ही सगळ्या वेचत वेचत दूर जाताना दिसाल. पुढं तुमच्या लेकी पाहतील, आपल्या आयांनी हे घातलं होतं म्हणून.

बाया घुटमळल्या. पार्बताकाकूनं गळ्यातल्या सरीला हात लावला आणि बाबांकडे पाहिलं. इतर बायांनीही. बाबा म्हणाले, "ठेवा मायहो. आपल्या पानावर जेवले ते."

एवढंच वाक्य. ते झालं की उठायचं.

मायनं मंगळसूत्र काढलं नाही, पण आजीची एकदाणी काढून दिली. तिच्या मानेवर त्या जागी गोरा पट्टा होता, तो मी पहिल्यांदा पाहिला. मग साहेबांनी सांगितलं, पात धरा आणि पार त्या टोकाच्या धुऱ्यापर्यंत जा. मागे वळून पाहू नका, पाहिलं की दृश्य बिघडतं.

ज्यानं कापूस वेचला नाही त्याला यात काही वेगळं वाटणार नाही. पण वेचणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. एकदा पात, म्हणजे आपली झाडांची ओळ, धरली की धुरा लागेपर्यंत नजर पुढच्या झाडावर असते. मागे पाहणारी मागे राहते, तिची चेष्टा होते. "काय वं, नवरा येऊन राह्यला काय मागून?" असं म्हणतात. बाया लहानपणापासून अशाच चालत आलेल्या. त्या तिघांनी आठ दिवस हे पाहिलं होतं. खरं तर आठ दिवस त्यांनी दुसरं काही पाहिलंच नाही.

आम्ही निघालो. वावर लांबट होतं. दुपारचं ऊन पाठीवर, हात आपोआप चालत होते. बाबाही शेवटच्या पातीला होते, साहेबांनी त्यांनाही चित्रात घेतलं होतं. मध्येच मागे जीप सुरू झाल्याचा आवाज आला. पार्बताकाकू म्हणाली, "गाडीतून काढून राह्यले वाटते फोटू." कुणीतरी म्हणालं, "मंग सरळ चाल, वाकू नको." आम्ही हसलो. हसत हसत वेचत गेलो.

धुऱ्याला पोचून वळलो तेव्हा समोर नुसतं वावर होतं. रस्त्यावर धूळ उडून खाली बसत होती. टोपलं होतं तिथंच होतं. दागिने उचलले त्या जागी कापसात खळगे राहिले होते. सरीचा गोल खळगा नीट दिसत होता.

 माय पुढे गेली आणि तिनं त्या खळग्यात हात घातला, आणखी खाली कुठं गेलंय का पाहायला.

*

त्या संध्याकाळी बाबा घरोघरी गेले. मी बरोबर होते. अंगणात उभे राहायचे. कुणी त्यांना दोष दिला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण गावाबद्दल लोक भलतंच समजतात. पार्बताकाकू म्हणाली, "तू काय चोर हायेस काय नामदेव? बस. चहा पी." बाबा बसले नाहीत. पोलिसांत गेलो, पंचनामा झाला, आणि त्यातून पुढे काही निघालं नाही.

लोक चांगलेच होते. फक्त विचारायला येईनासे झाले. पुढच्या वर्षी पोळ्यानंतर शेजारच्या आळीतल्या एकानं बैलजोडी घेतली, ती बाबांना दारासमोरून जाताना दिसली. बाबा ओट्यावर बसून होते. बैल जाईपर्यंत पाहत राहिले. मग म्हणाले, "डावा मागच्या पायात अधू वाटते." मायशिवाय ऐकायला कुणी नव्हतं. लग्नांत जात, पण शेवटच्या पंगतीला. हळूहळू ते वाक्यं कमी बोलू लागले, मग घरातही. काय करू विचारलं की म्हणायचे, "तुमाले जे वाटते ते करा."

दर वर्षी सीतादही होत राहिली. सात खडे, कुंकू, दही. जास्तीचं पान मात्र कुणी मांडलं नाही. बाबा रस्त्याकडे पाठ करून बसायचे आणि भराभरा खाऊन उठायचे.

मी दहावी झाले. मी स्वतःच म्हणाले, आता बस, मायला मदत करते. खरं म्हणजे मला त्या बाईचं ऐकायचं नव्हतं. बाबा पुष्कळ दिवसांनी सलग बोलले. "कॉलेजात जाचं. बासरच्या विद्येच्या देवीपुढं तुह्या हातानं पाटीवर पयलं अक्षर काढून आणलं व्हतं मी." मी म्हणाले, "ते त्या चोरटीनं सांगितलं म्हणून काय?" बाबा म्हणाले, "चोर व्हती म्हणून काय सारंच खोटं बोलली असन? तुह्यं तरी खरं असू दे."

मी शिकले. वसतिगृहात राहिले, तेलुगूतून धडपडत शिकले, आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांची नावं मी मनात रोज घेते. गणिताच्या बाई, वसतिगृहातल्या आक्का, बाबा, माय. या यादीत एक चेहरा येतो, पोरांसारखे केस कापलेला, आणि मी त्याला काढूही शकत नाही, ठेवूही शकत नाही. पहिल्या पगाराच्या दिवशी मी मायच्या पाया पडले तेव्हा तिच्या मानेवरचा तो पट्टा उरला नव्हता. ऊन लागून लागून मान एकसारखी झाली होती.

आणखी एक सांगते. पार्बताकाकू गेल्या वर्षी वारली. शेवटी शेवटी तिला फारसं आठवत नसे. पण मी भेटायला गेले तेव्हा हात धरून म्हणाली, "सरी गेली ते गेली वं. पण माही फिल्म असन का कोठी?" तिचा एकही फोटो घरात नव्हता. कुठल्यातरी शहरात, कुठल्यातरी अडगळीत, कदाचित ती अजून वेचते आहे, ताठ चालायचा प्रयत्न करत. किंवा त्या दिवशी कॅमेऱ्यात काहीच नव्हतं.

*

सिनेमा सुटला. टोळी पळून गेली होती, समुद्रकिनाऱ्यावर बसून हसत होती, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही सिनेमे पाहते, मला ठाऊक आहे की सिनेमात असंच असतं. बाहेर उन्हात आलो. डोळे मिचकावत बाबांनी विचारलं, "मंग त्या बुढ्याचं काय झालं?"

"कोणत्या?"

"ज्याच्या घरी राह्यले ते. खीर देल्ली त्यानं."

मला आठवेना. मी म्हणाले, "बाबा, ते नाही दाखवलं."

"पोलिसाइनं त्याले धरलं असन. मोहल्ल्यातल्या लोकाइनं काय म्हटलं असन त्याले?"

"सिनेमा हाये तो," माय म्हणाली. "चला, डाक्टर जाईन."

ऑटोत बसल्यावर बाबा परत म्हणाले, "दाखवाले पायजे व्हतं." 

पुढच्या रविवारी मी गावी गेले. सीतादही होती. मायनं खडे मांडले, दहीभात कालवला, पानं पुसली. बाबा म्हणाले, "एक जास्तीचं मांड."

मायनं माझ्याकडे पाहिलं. मी पान पुसून दिलं. बाबा धुऱ्यावर जाऊन उभे राहिले. डोळ्यांत अजून औषध घालत होते, म्हणून हातानं ऊन अडवून पाहत होते. रस्ता आता डांबरी झाला आहे, पण त्या वेळी मोकळा होता. बऱ्याच वेळानं एक मोटारसायकल आली. विशी-पंचविशीतला पोरगा, पाठीला बॅग. बाबांनी टोपी हलवली. तो थांबला.

"या जी, दोन घास खाऊन जा. सीतादही हाये आमची."

पोरानं बाबांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, पानावरच्या दहीभाताकडे पाहिलं. गाडी त्यानं बंद केली नव्हती. "नको काका," म्हणाला. "उशीर होऊन राह्यला."

"दोनच घास. गोड हाये दही."

"तसं नाही काका. आजकाल अनोळखी माणसाच्या हातचं खात नाही कोणी. राग मानू नका." वाईट बोलला नाही तो. मान झुकवली आणि गेला.

 बाबा परत येताना हसले. किती वर्षांनी हसले ते मला सांगता येणार नाही, पण ते हसू मला पाहवलं नाही. "बराबर हाये त्याचं," म्हणाले. "शहाणा हाये पोरगा. असंच पायजे."

"मंग हे पान आता कोन खाईन?" मायनं विचारलं. घरच्यांनी ते खायचं नसतं.

"राहू दे. पाखरं खातीन."

त्यांनी पान उचलून धुऱ्यावर ठेवलं, उडू नये म्हणून कडेला ढेकूळ ठेवलं. मग ओटी बांधली. आम्ही तिघांनी तीन पाती धरल्या. माय मधल्या पातीला होती, नेहमीसारखी भराभर पुढे निघाली. मी बऱ्याच वर्षांनी वेचत होते, माझी बोटं लगेच ओरबाडली. थोडं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं, बाबा मागे पडताहेत. जन्मभर कापूस वेचलेला माणूस, दर चार पावलांनी थांबत होता आणि मागे वळून रस्त्याकडे पाहत होता. कुणी येतंय का ते, की कुणी जातंय का ते, मला कळलं नाही. मी त्यांना हाक मारली नाही. मायनंही चेष्टा केली नाही.